पेनिसिलिन उभी भिंत पाडते, की नवी बांधू देत नाही?

फळा_आणि_खडू यांचा प्रश्न

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात अकरावीच्या वर्गात जिवाणूंची पेशीरचना चालली होती. "पेनिसिलिनसारखी प्रतिजैविके जिवाणूंच्या पेशीभित्तिकेवर हल्ला करतात, आपल्या पेशींना भित्तिकाच नसल्यामुळे आपल्याला त्यांचा तसा उपद्रव होत नाही," हे दरवर्षीचे वाक्य मी फळ्यावर लिहिले आणि मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याचे वडील गवंडी आहेत आणि सुट्टीच्या दिवसांत तोही त्यांच्या हाताखाली कामाला जातो. त्याने विचारले ते जसेच्या तसे देते: "मॅडम, हे औषध उभी भिंत पाडतं, का नवी भिंत बांधू देत नाही? बांधू देत नसेल तर काम बंद पडेल, पण बांधून झालेली भिंत कशाला पडेल?"

"भित्तिका तयार होण्यात अडथळा येतो आणि पेशी फुटते," असे सांगून मी वेळ मारून नेली. घरी येऊन हाताशी असलेली तीन पुस्तके उघडली, तर एकात "भित्तिका नष्ट करते" असे आहे, दुसऱ्यात "भित्तिकेची निर्मिती रोखते" असे आहे, आणि तिसऱ्याने एकाच परिच्छेदात दोन्ही वाक्ये लिहून टाकली आहेत. या दोन गोष्टी एक नव्हेत हे त्या मुलाच्या लगेच ध्यानात आले आणि मला इतकी वर्षे शिकवूनही ते खटकले नाही, याचे थोडे वाईट वाटले.

जुनी भित्तिका जागेवर असताना जिवाणू मरतो तरी कशाने? भित्तिका बहुतेक सर्व जिवाणूंना असते, मग हे औषध काहींवर चालते आणि काहींवर चालत नाही, ते का? आणि क्षयरोगावरचे आयसोनियाझिडही भित्तिकेवरच काम करते असे वाचनात आले, तर ते आणि पेनिसिलिन एकाच जातीचे मानायचे का? कोणत्या आजाराला कोणती गोळी घ्यावी, हे मला विचारायचे नाही. ते डॉक्टरांचे काम आहे. जाणकारांनी यंत्रणा समजावून सांगितली तर पुढच्या तासाला त्या मुलाला नीट उत्तर देता येईल.

काचपट्टी यांचा प्रतिसाद

ताई, मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि तुमच्या विद्यार्थ्याचे मला मनापासून कौतुक वाटते, कारण त्याने नेमक्या जागी बोट ठेवले आहे. उत्तर असे, की पेनिसिलिन भिंत पाडत नाही. वाढता जिवाणू आपली भिंत स्वतःच जागोजागी सोडवत असतो, आणि औषध त्याला ती पुन्हा सांधू देत नाही.

घोटाळा होतो तो "भित्तिका" या शब्दामुळे. भिंत म्हटले की एकदा बांधून पूर्ण झालेले, निश्चल असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. जिवाणूची भित्तिका म्हणजे त्याला चहूबाजूंनी वेढणारी एक अखंड विणलेली पिशवी असते. तिच्यात दोन प्रकारच्या शर्करा एकाआड एक ओवून लांब साखळ्या केलेल्या असतात आणि त्यांतील एका शर्करेला, म्हणजे एन-ॲसिटाइल म्युरामिक आम्लाला, पाच अमिनो आम्लांचे छोटे शेपूट असते. शेजारशेजारच्या साखळ्यांची ही शेपटे एकमेकांना बांधली गेली की जाळी घट्ट होते. या जाळीलाच पेप्टिडोग्लायकन म्हणतात. नव्या शेपटाच्या टोकाला डी-ॲलॅनिनची जोडी असते, ती लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्याभोवती फिरते.

आता हा जिवाणू वाढतो कसा, ते पाहा. भरपूर अन्न आणि योग्य तापमान मिळाले तर ई. कोलाय हे आतड्यातले जिवाणू सुमारे २० मिनिटांत एकाचे दोन होतात, म्हणजे तेवढ्या वेळात पिशवीही दुपटीने मोठी व्हावी लागते. बंद पिशवी नुसती बाहेरून ठिगळे लावून मोठी होत नाही. अंगात घातलेला सदरा न काढता सैल करायचा असेल, तर शिवण थोडी उसवायची, मध्ये कापडाची पट्टी घालायची आणि लगेच टाका मारायचा, असे एकेका बोटाने पुढे सरकावे लागेल. जिवाणू नेमके हेच करतो. उसवण्याचे काम करणारी विकरे (एन्झाइम) त्याची स्वतःचीच असतात आणि टाका मारणाऱ्या विकराला ट्रान्सपेप्टिडेज म्हणतात. हे विकर शेपटाच्या टोकाचे शेवटचे डी-ॲलॅनिन तोडते, उरलेले शेपूट क्षणभर स्वतःच्या हातात धरते आणि शेजारच्या शेपटाला बांधून मोकळे होते.

पेनिसिलिनचा रेणू आकाराने त्या डी-ॲलॅनिनच्या जोडीसारखा दिसतो. ही कल्पना टिपर आणि स्ट्रॉमिंजर या दोघांनी १९६५ मध्ये मांडली आणि पुढे ती टिकली. विकर फसते, शेपूट समजून पेनिसिलिनला धरते, आणि मग ते त्याच्या हातातून सुटत नाही. टाका मारणारा हात असा अडकून पडला, तरी उसवणारे हात काही थांबत नाहीत. भिंतीत भोके पडत जातात.

एवढ्याने जिवाणू मरायचे कारण नव्हते, पण आत दाब असतो. पेशीत क्षार, शर्करा, अमिनो आम्ले यांची दाटी असल्यामुळे परासरणाने पाणी सतत आत घुसू पाहते. स्टॅफिलोकॉकससारख्या जिवाणूत हा दाब सुमारे २० वातावरणदाबांइतका असतो. मोटारीच्या चाकात तो दोन-सव्वादोन असतो, यावरून कल्पना यावी. आतले नाजूक पटल म्हणजे ट्यूब आणि भित्तिका म्हणजे टायर. टायर फाटला की ट्यूब तिथून फुगा होऊन बाहेर येते आणि फुटते.

हे मी डोळ्यांनी पाहिले आहे म्हणून सांगतो. वाढीला लागलेले ई. कोलाय काचपट्टीवर घेऊन त्यांना पेनिसिलिनच्याच कुळातल्या अँपिसिलिनची भरपूर मात्रा दिली आणि कला-विरोध सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले, तर पहिली काही मिनिटे काहीच घडत नाही. काळसर दांडके थोडे लांबते. मग त्याच्या मध्याच्या आसपास, जिथे विभाजन होऊन भित्तिकेचा पडदा उभा राहायचा असतो तिथेच, एका बाजूला टेंगूळ येते. ते वाढत जाते, आणि एका क्षणी काळे दांडके एकदम फिकट होते. आतला ऐवज बाहेर गेलेला असतो आणि मागे नुसती सावली उरते. पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी हमखास विचारतो, "सर, गेला का तो?"

दाब हेच मरणाचे कारण आहे, याचा सुरेख पुरावा जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५६ मध्ये दिला. त्यांनी ई. कोलायला पेनिसिलिन दिले, पण भोवतीच्या द्रवात साखर भरपूर ठेवली. बाहेरही दाटी असल्यामुळे पाणी आत घुसेना. दांडक्यासारखे जिवाणू भित्तिका गमावून गोल गोळे झाले, पण जिवंत राहिले. तेच गोळे साध्या पाण्यात टाकले की फुटत, आणि साखर तशीच ठेवून पेनिसिलिन काढून घेतले की त्यांतले कित्येक पुन्हा भित्तिका विणून दांडके होत.

पिंपळपार यांचा प्रतिसाद

काचपट्टी यांनी यंत्रणा उत्तम सांगितली आहे. माझे सगळे आयुष्य प्रतिजैविकांच्या कारखान्यात, आंबवणी आणि निष्कर्षण या दोन खात्यांत गेले, तेव्हा "हातातून सुटत नाही" म्हणजे काय, ते मी रसायनाच्या बाजूने सांगतो.

पेनिसिलिनच्या पोटात तीन कार्बन आणि एक नायट्रोजन अशा चार अणूंचे एक कडे असते. त्याला बीटा-लॅक्टम म्हणतात. या अणूंना आपापसांत जेवढा मोकळा कोन हवा असतो तेवढा मिळत नाही आणि चौकोनात कोंबल्यामुळे त्यांना काटकोनाच्या जवळपास राहावे लागते. सापळ्याची कमान ताणून ठेवावी तसे ते कडे ताणलेले असते आणि संधी मिळताच उघडते. असे अस्थिर कडे या रेणूत असेल, हे रॉबर्ट रॉबिन्सन यांच्यासारख्या मोठ्या रसायनशास्त्रज्ञांनाही पटत नव्हते. १९४५ मध्ये डोरोथी हॉजकिन यांनी क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना उलगडून दाखवली तेव्हा वाद मिटला. ट्रान्सपेप्टिडेज ज्या क्षणी या कड्याला हात लावते, त्या क्षणी कडे उघडून विकराशीच पक्के जोडले जाते. सापळा मिटतो आणि आतला उंदीर म्हणजे ते विकर.

पण जे कडे विकराला पाहून उघडते, ते आम्लाला, पाण्याला आणि उष्णतेलाही पाहून उघडते, आणि आमच्या नोकरीतली निम्मी डोकेदुखी तेवढ्यामुळे होती. बुरशीने पेनिसिलिन पुरेसे केले की पातेल्यातले पाणी गाळायचे, ते थंड करायचे, आम्ल घालून पीएच दोन-अडीचपर्यंत उतरवायचा, म्हणजे पेनिसिलिन पाण्यातून निघून ब्युटिल ॲसिटेटमध्ये जाते. मात्र त्याच पीएचला ते झपाट्याने नासतेही. म्हणून वेगाने फिरणाऱ्या यंत्रातून ते काही मिनिटांत पलीकडे काढून पुन्हा सौम्य पाण्यात आणावे लागे. थंड पाण्याचा पंप बंद पडला की खात्यात जी धावपळ उडे, ती आठवली तरी अजून घाम फुटतो.

एकदा रात्रपाळीला एका मोठ्या फर्मेंटरमधले (आंबवणीच्या टाकीतले) टायटर, म्हणजे पेनिसिलिनचे प्रमाण, चढायचे सोडून उतरू लागले. बुरशी धडधाकट होती, हवा व्यवस्थित होती, साखरेचा पुरवठा चालू होता. पहाटेपर्यंत टायटर जवळजवळ शून्यावर आले. नमुना सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा बुरशीच्या धाग्यांमध्ये बारीक दांडकी वळवळताना दिसली. बाहेरून शिरलेला तो जिवाणू पेनिसिलिनेज हे विकर सोडत होता आणि हजारो लिटर माल आमच्या डोळ्यांदेखत निकामी झाला. सगळी बॅच वाफेने मारून गटाराला लावावी लागली. हे विकर बीटा-लॅक्टमचे कडे पाण्याच्या साहाय्याने आधीच उघडून टाकते, म्हणजे सापळा उंदराजवळ पोहोचण्यापूर्वीच मिटलेला असतो. एब्रहॅम आणि चेन यांनी या विकराची नोंद १९४० मध्येच केली होती. ऑक्सफर्डच्या चमूने पेनिसिलिनने रुग्णावर उपचार सुरू केले ते १९४१ मध्ये. औषधाआधी त्याची तोड हजर होती, असे म्हटले तरी चालेल.

घरातला पुरावा हवा असेल तर लहान मुलांच्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाच्या बाटलीकडे पाहा. आत कोरडी भुकटी असते. उकळून थंड केलेले पाणी खुणेपर्यंत घालून ती हलवायची, फ्रिजमध्ये ठेवायची आणि सात दिवसांनंतर उरलेले औषध टाकून द्यायचे. पाणी मिळाल्याबरोबर कडे हळूहळू उघडू लागतात, म्हणून कारखाना ते पाण्यात कालवून पाठवत नाही. त्यातल्या क्लॅव्ह्युलॅनिक आम्लातही हेच कडे असते, पण ते जिवाणूला फारसे मारत नाही. ते पेनिसिलिनेजपुढे स्वतः बळी जाते आणि अमॉक्सिसिलिनला वाट मोकळी करून देते. काहींना पेनिसिलिनची ॲलर्जी होते, तिच्याही मुळाशी हेच आहे. उघडलेले कडे आपल्या रक्तातील प्रथिनांना चिकटते आणि शरीर त्या जोडगोळीला परके समजते.

हे सारे उद्योग आपल्याकडे सुरू झाले ते पिंपरीला. हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तिथे उभा राहिला. आमच्या पिढीतील पुणे परिसरातले कित्येक रसायनतंत्रज्ञ या धंद्यात आले, ते त्यामुळेच.

रात्रपाळी_डॉक्टर यांचा प्रतिसाद

मी ग्रामीण भागात औषधवैद्यक म्हणून काम करतो. "उसवणे आणि सांधणे" ही कल्पना एकदा पक्की झाली, की आमच्या व्यवहारातल्या कित्येक गोष्टींचा उलगडा होतो, आणि धागाकर्त्या ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तिथेच आहे.

जो जिवाणू वाढतच नाही, तो फारसे उसवतही नाही. अशा सुस्त जिवाणूवर पेनिसिलिन जवळजवळ निष्प्रभ ठरते. डब्लिनच्या जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्ये स्टॅफिलोकॉकसवर पेनिसिलिनचा मारा करून पाहिले, तेव्हा बहुतेक सगळे मेले, पण मूठभर तग धरून राहिले. त्यांची पिल्ले वाढवून पुन्हा औषध दिले तर ती नेहमीसारखीच मरत. म्हणजे त्यांच्यात प्रतिकाराचा गुण आलेला नव्हता, ती फक्त त्या वेळी झोपलेली होती. हृदयाच्या झडपेवर जिवाणूंची दाट पुटे बसतात तेव्हा आतले जिवाणू असेच संथ असतात, आणि त्या आजारात शिरेतून चार ते सहा आठवडे औषध द्यावे लागते, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

याचीच दुसरी बाजू अशी, की पेनिसिलिनबरोबर जिवाणूंची वाढ नुसती थोपवणारे औषध दिले तर पेनिसिलिनचाच हात बांधला जाऊ शकतो. १९५१ मध्ये न्यूमोकॉकस या जिवाणूमुळे झालेल्या मेंदूज्वराच्या रुग्णांत लेपर आणि डाउलिंग यांनी हे दाखवले. ज्यांना पेनिसिलिनच्या जोडीला टेट्रासायक्लिनच्या कुळातले ऑरिओमायसिन मिळाले, त्यांच्यातले मृत्यूचे प्रमाण नुसते पेनिसिलिन मिळालेल्यांपेक्षा खूपच जास्त निघाले. दोन औषधे एकापेक्षा बरी, हा समज तेव्हाही होता आणि आजही बाह्यरुग्ण विभागात रोज भेटतो.

वेळेचेही तसेच आहे. अमॉक्सिसिलिन रक्तातून साधारण तासाभरात निम्मे होते, मूत्रपिंडे ते भराभर बाहेर टाकतात. भिंतीचे काम अव्याहत चालू असल्यामुळे एकदाच मोठा डोस देऊन भागत नाही. टाका मारणारा हात दिवसाचा पुरेसा वेळ अडकलेला राहिला पाहिजे. म्हणून चिठ्ठीवर आठ-आठ तासांनी असे लिहिलेले असते. "सकाळची राहिली म्हणून रात्री दोन घेतल्या" असे रुग्ण सांगतो, तेव्हा त्याने हिशेब चुकता केला असे त्याला वाटते, जिवाणूला मात्र मधली दुपार मोकळी मिळालेली असते.

आता चालते कुणावर आणि चालत नाही कुणावर. मायकोप्लाझ्माला भित्तिकाच नाही, त्यामुळे त्याच्या न्यूमोनियात पेनिसिलिनच्या कुळातले कोणतेही औषध व्यर्थ. विषाणूंचा तर प्रश्नच नाही. ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंना भित्तिकेच्या बाहेर आणखी एक पटल असते आणि औषधाला त्यातील अरुंद छिद्रांतून जावे लागते. मूळच्या पेनिसिलिनला ते नीट जमत नाही, अँपिसिलिनला बरे जमते. एमआरएसए (मेथिसिलिन या पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधाला दाद न देणारा) म्हणून ज्याचा दरारा आहे, त्या स्टॅफिलोकॉकसने टाका मारणारे विकरच बदलून घेतले आहे, आणि हे नवे विकर औषधाला फसत नाही. मेथिसिलिन वापरात आल्यावर दोन वर्षांच्या आत, १९६१ मध्ये, ब्रिटनमध्ये त्याची नोंद झाली. याउलट घसादुखी आणि संधिवाताचा ताप आणणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनस ऐंशी वर्षांनंतरही पेनिसिलिनला बधलेला नाही. ज्या मुलांच्या झडपांना त्या तापाने इजा झालेली असते, त्यांना आम्ही आजही दर तीन आठवड्यांनी बेंझाथिन पेनिसिलिनचे इंजेक्शन देतो. ते दुखते फार. मुले तारीख विसरत नाहीत, पालक विसरतात.

क्षयरोगाबद्दल लिहितो. त्या जिवाणूच्या पेप्टिडोग्लायकनवर अरॅबिनोगॅलॅक्टन या शर्करेचा थर असतो आणि त्यावर मायकोलिक आम्लांचे मेणचट आवरण असते. आयसोनियाझिड हे मेण बनू देत नाही, इथॅम्ब्युटॉल मधला शर्करेचा थर बनू देत नाही. इमारत एक असली तरी गिलावा अडवणे वेगळे आणि विटांचा सांधा अडवणे वेगळे, तेव्हा ती पेनिसिलिनच्या जातीची नव्हेत. आयसोनियाझिडचा सगळा जोर भराभर वाढणाऱ्या जिवाणूंवर, म्हणजे उपचाराच्या पहिल्या काही दिवसांत दिसतो. इथॅम्ब्युटॉल नेहमीच्या मात्रेत मुख्यतः वाढ थोपवते, मारत नाही. भित्तिकेवर काम करणारे प्रत्येक औषध मारतेच असे नाही, हे वर्गात अवश्य सांगा.

तळटीप यांचा प्रतिसाद

चर्चा चांगली चालली आहे, पण काचपट्टी यांच्या मांडणीत एक दुरुस्ती सुचवतो. "टाके थांबतात, उसवणे चालू राहते, म्हणून पेशी फुटते" हे चित्र खरे असले तरी अपुरे आहे.

१९७० मध्ये अलेक्झांडर टोमाझ आणि सहकाऱ्यांनी न्यूमोकॉकसचा असा एक प्रकार दाखवला, की ज्याचे उसवणारे विकर दबलेले होते. पेनिसिलिन दिल्यावर त्याची वाढ थांबे, पण तो फुटत नसे. हे काचपट्टी यांच्या बाजूचेच झाले. परंतु २०१४ मध्ये हार्वर्डच्या बर्नहार्ट यांच्या प्रयोगशाळेने ई. कोलायमध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. टाका मारणारे विकर अडकले तरी शर्करेच्या साखळ्या ओवणारे विकर थांबत नाही. त्या नव्या साखळ्या कुठेच सांधल्या जात नसल्यामुळे लगेच तोडून टाकल्या जातात, पुन्हा नव्या ओवल्या जातात, पुन्हा तोडल्या जातात. त्या गवंड्याच्या मुलाला सांगायचे तर, काम बंद पडत नाही हेच दुखणे आहे. सिमेंट नसताना गवंडी विटा रचतच राहतो, मजूर त्या उचलून फेकतच राहतो, आणि मालकाचे विटांचे पैसे संपतात. संशोधकांच्या मते या निष्फळ चक्रात कच्चा माल वाया जाणे हाही औषधाच्या मारकपणाचा भाग आहे.

दुसरे असे, की सगळे भित्तिकारोधक टाका मारणारा हातच धरतात असा समज या धाग्यावरून होऊ नये. व्हॅन्कोमायसिन विकराला हात लावत नाही. बोर्निओच्या जंगलातल्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्मजीवापासून ते मिळाले आणि १९५८ मध्ये वापरात आले. हा मोठा रेणू थेट विटेच्या टोकावर, त्या डी-ॲलॅनिनच्या जोडीवर, पाच हायड्रोजन बंधांनी जाऊन बसतो. विकराला मग टोकच सापडत नाही. विकर बदलून बसलेल्या एमआरएसएवर ते चालते, ते यामुळे. आकाराने मोठे असल्याने ग्रॅम-ऋण जिवाणूंच्या बाहेरच्या पटलातून मात्र ते आत जात नाही. एन्टरोकॉकस या जिवाणूने त्यावरही तोड काढली: शेवटच्या डी-ॲलॅनिनच्या जागी त्याने डी-लॅक्टिक आम्ल बसवले. पाचांतला एक बंध गेला आणि पकड सुमारे हजारपटीने सैल झाली. एका अणूच्या फरकाने एवढे होते, हे मला अजूनही विलक्षण वाटते.

महाराष्ट्राचा उल्लेख झाला आहे म्हणून: वोक्हार्ट या औषध कंपनीच्या औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगर येथील संशोधन केंद्रातून आलेला झिडेबॅक्टम हा रेणू पाहण्यासारखा आहे. सेफेपिम या औषधाच्या जोडीला तो बनवला असून, कडे उघडणाऱ्या काही विकरांना तो रोखतोच, शिवाय ई. कोलायच्या टाके मारणाऱ्या विकरांपैकी दुसरेच एक स्वतः अडवतो. सेफेपिम एक हात धरते आणि हा दुसरा.

काचपट्टी

दुरुस्ती मान्य. २०१४ च्या कामाचा उल्लेख मी करायला हवा होता. तरी अकरावीच्या वर्गापुढे आधी उसवणे-सांधणे आणि मग वाया जाणाऱ्या विटा, हा क्रम ठेवावा असे मला वाटते.

फळा_आणि_खडू

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल वर्गात सांगितले. मुलगा ऐकून घेत होता, मग म्हणाला, "जुन्या भिंतीला खिडकी काढताना बाबा आधी टेकू लावतात, मग विटा काढतात. टेकू नसेल तर वरचं सगळं खाली येतं." त्याच्या मते हे औषध टेकू लावू देत नाही. मला हे पटले, पण चूक असल्यास सांगावे. शिवाय मुलांना काही करून दाखवता येईल का? आमच्या प्रयोगशाळेत साधा सूक्ष्मदर्शक आहे, जिवाणू वाढवायची सोय नाही, आणि तसे करणे मला सुरक्षितही वाटत नाही.

काचपट्टी

टेकूचे उदाहरण माझ्या सदऱ्यापेक्षा सरस आहे. मी ते उचलणार, मुलाला सांगून ठेवा. फक्त एवढी भर घाला, की या घरात खिडकी काढण्याचे काम अखंड चालू असते.

जिवाणू वाढवू नका, हा तुमचा निर्णय योग्य आहे. त्याऐवजी कोंबडीची दोन अंडी घ्या आणि व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. दीड-दोन दिवसांत कवच विरघळते, मधे एकदा व्हिनेगर बदला. हाताला रबरी लागणारे, पटलात गुंडाळलेले अंडे उरते. एक साध्या पाण्यात ठेवा, दुसरे साखरेच्या दाट पाकात. दुसऱ्या दिवशी पहिले टणक फुगलेले असेल आणि दुसरे सुरकुतून पिशवीसारखे लोळागोळा झालेले असेल. मग बशीत धरून दोन्हींना टाचणी टोचा. फुगलेल्या अंड्यातून चिळकांडी उडते, पाकातले नुसते पाझरते. लेडरबर्ग यांनी साखर का घातली होती, ते वेगळे सांगावे लागत नाही.

आणि अंडी फोडलीच आहेत तर मुलाच्या प्रश्नाचा उरलेला अर्धा भागही तिथेच पुरा करा. उभी भिंत खरोखर पाडणारी वस्तू आहे, ती म्हणजे लायसोझाइम. ते शर्करेच्या साखळ्याच मधून तोडते, त्यामुळे जिवाणू वाढत नसला तरी त्याची भित्तिका उघडी पडू शकते. पेनिसिलिनची बुरशी दिसण्याच्या कितीतरी आधी, १९२२ मध्ये, पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनीच त्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते. आपल्या अश्रूंत ते असते, आणि तुमच्या बशीत सांडलेल्या पांढऱ्या बलकात तर भरपूर असते.